दोन नावांची एक ओळ

मित्रांनो, मी तोगुझ-बुलाकच्या विमानतळावरचा एक जुना फलक आहे. कुठले विमान कुठे जाणार आणि कधी निघणार, एवढे सांगणे हे माझे आयुष्यभराचे काम. आजकालच्या काचेच्या पडद्यांसारखा मी गुळगुळीत नाही. माझ्या पोटात काळ्या पट्ट्यांच्या चकत्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर एक अक्षर आहे. नाव बदलायचे झाले की त्या पट्ट्या खडखडत उलटतात आणि खाली बसलेली माणसे माना वर करतात. उडणे माझ्या नशिबी नव्हते, फडफडणे तेवढे होते.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. भुसा भरलेल्या खोक्यात बसून, आधी मालगाडीने आणि मग ट्रकने खिंडी ओलांडत मी या गावात आलो. तेव्हा अवघ्या देशात विमान कंपनी एकच होती, म्हणून माझ्यावर कंपनीचे नाव लिहीतच नसत. गाव आणि वेळ, बास. पुढे रशियाचे ते मोठे राज्य मोडले, विमाने थांबली आणि माझ्या वरच्या कोपऱ्यात चिमण्यांनी घरटे केले. मला त्याचे काही वाटले नाही. मला सहसा कशाचेच काही वाटत नाही. जे दाखवायला सांगतात ते मी दाखवतो. ही गोष्ट सांगतानाही माझा सूर तसाच राहील, राग मानू नका.

मग एकदा शिडी आली, चिमण्यांचे घरटे निघाले, पट्ट्यांना तेल मिळाले आणि माझ्यावर पहिल्यांदा कंपनीचे नाव उमटले : शुमकार. शुमकार म्हणजे पांढरा ससाणा. तो सकाळी नऊला राजधानीला, बिश्केकला, उडू लागला. वर्षभरात दुसरी कंपनी आली, तिचे नाव कोक-जल. म्हणजे करड्या आयाळीचा लांडगा. त्यांचे विमान अकराला. सामान तोलायचा काटा विमानतळावर एकच होता, म्हणून शुमकारचे विमान उडाले की मगच कोक-जलची खिडकी उघडायची. ही रीत गावातल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ झाली होती.

ती माझी भरभराटीची वर्षे. कोक-जलच्या खिडकीत एसेन नावाचा एक गडी बसायचा. गळा असा की गुरांच्या बाजारात शोभला असता.

"या, या! ससाण्याच्या पंखांवर थंडी वाजते, लांडग्याच्या पाठीवर बसा!" तो ओरडायचा. "शुमकारवाले नुसता चहा पाजतात, आपल्याकडे चहाबरोबर गरम बोरसोक!"

शुमकारने भाडे उतरवले की संध्याकाळच्या आत कोक-जल उतरवायचे. कोक-जलने बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, दिले की शुमकार जर्दाळू द्यायचे. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. आमच्याकडे किंमत मेंढरांत मोजायची सवय आहे. पूर्वी ज्या तिकिटाला एक धष्टपुष्ट मेंढा जायचा, ते आता एका कोकरात येऊ लागले. खिंडीतल्या रस्त्याने दिवसभर ओकाऱ्या काढत बिश्केक गाठणाऱ्या म्हाताऱ्या आता हातात दह्याची बरणी धरून विमानात चढायच्या. माझ्या खाली इतकी गर्दी असायची की कोणी ना कोणी म्हणायचेच, "बघा, आपला फलक कसा राजासारखा बसलाय." स्तुती मला कळते. आवडते की नाही ते सांगता येणार नाही.

माझ्यावर अक्षरे चढवायचे आणि सूचना पुकारायचे काम झांयलकडे होते. एसेन तिला एजे म्हणायचा, म्हणजे ताई. ही बाई दोन्हींपैकी कुठल्याच कंपनीची नव्हती, विमानतळाची होती. तिचा आवाज सपाट आणि स्वच्छ होता, थंड पाण्यासारखा.

एके शरद ऋतूत दोन्ही कंपन्यांचे साहेब एकत्र आले. मेंढी कापली, मोठी पंगत बसली. आमच्या रिवाजाप्रमाणे मेंढीचे डोके सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. पण मानाचे पाहुणे दोन आणि डोके एक. बराच वेळ ते ताट या साहेबाकडून त्या साहेबाकडे सरकत राहिले. शेवटी दोघांनी एकेक कान घेतला आणि टाळ्या झाल्या.

"एक डोकं, दोन तोंडं," एसेन झांयलच्या कानाशी लागला. "एजे, हे लक्षण काही बरं नाही."

"गप खा," झांयल म्हणाली. "तुझ्या ताटात तर हाडूकच आहे."

ठरले होते ते असे : यापुढे शुमकारच्या विमानातल्या खुर्च्या कोक-जलही आपल्या नावाने विकणार, आणि कोक-जलच्या विमानातल्या शुमकार. दोघांचे क्रमांक वेगळे, विमान तेच. खोटे कशाला बोलू, सुरुवातीला लोक खूष होते. माझ्यावर बिश्केकच्या दोनाच्या चार ओळी झाल्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गावाची अवस्था झाली. पुढे दुपारचे मॉस्कोचे विमान सुरू झाले आणि तिकडे कामाला जाणाऱ्या पोरांचेही भले झाले, एकाच तिकिटात सामान थेट पोचू लागले. हे सगळे खरे आहे.

हिवाळ्यात अकराचे विमान बंद झाले. दोन विमाने अर्धी रिकामी नेण्यापेक्षा एक भरून नेलेले बरे, असे वरून कळले. माझ्यावरच्या दोन ओळी गेल्या. उरलेल्या दोन्ही ओळी त्याच नऊच्या विमानाच्या होत्या, म्हणून पुढे त्यांचीही एक केली. त्या एका ओळीत मी आधी कोक-जल दाखवायचो, मग खडखड करून शुमकार, मग पुन्हा कोक-जल. एसेनची खिडकी बंद झाली. आत पांढरा पडदा ओढला, पण वर करड्या लांडग्याचे चित्र आणि नाव तसेच राहिले, कारण तिकिटे अजून त्या नावानेही विकली जात होती.

एसेनने विमानतळासमोर चहाची टपरी टाकली. मांस भरलेल्या मंती वाफवता वाफवता तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "पूर्वी मी भाव उतरवला की त्यांना झोप यायची नाही. त्यांनी उतरवला की मी संध्याकाळच्या आत नवी पाटी रंगवायचो. आता दोघं एका ताटात जेवतात. कोण कुणाचा घास काढणार? अळीमिळी गुपचिळी."

तिकीट कोकरावरून पुन्हा मेंढ्यावर गेले, आणि मग मेंढ्यासोबत एक कोकरूही जाऊ लागले. कोणी कुरकुरले की कंपनीच्या बिश्केकच्या कचेरीतले लोक म्हणत, महाग वाटते तर दुसऱ्या कंपनीकडे विचारा. दुसऱ्या कंपनीकडे विचारले की तोच आकडा ऐकू यायचा. माझ्याकडे बघून माना वर करणारी माणसे कमी झाली. माझ्या पट्ट्यांना तेल मिळणे बंद झाले. पुसायला कोणी येईना. मी दोन नावे उलटत राहिलो.

आता ज्या सकाळसाठी ही गोष्ट सांगायला घेतली, ती सकाळ.

उरकुया नावाची एक बाई त्या दिवशी उजाडताच आली. वरच्या कुरणातल्या वाडीतली, साठीच्या पुढची. काळा रुमाल घट्ट बांधलेला, हातात एक गाठोडे. बिश्केकमध्ये तिची आई वारली होती, दोन दिवसांपूर्वी. आमच्याकडे अंगणात उंच तंबू घालून मृताला त्यात ठेवतात. लेकीबाळी आत, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून बसतात आणि विलापगीत गातात. लेकीने गायल्याशिवाय आईला बाहेर काढणे म्हणजे आई निपुत्रिकासारखी जाणे. भाऊ तिच्यासाठीच थांबला होता. आदल्या दिवशीच तिने निघायचे ठरवले आणि वाडीतल्या एका पोराकडून फोन करवला, पण कोक-जलकडे विचारले तर भरलेले, शुमकारकडे विचारले तर भरलेले. भरलेले असणारच, दोन्ही नावांच्या मागे खुर्च्या त्याच होत्या. आज मात्र कोक-जलचे तिकीट मिळाले होते. दुपारच्या नमाजानंतर आईला उचलणार होते, त्याहून जास्त थांबणे शक्य नव्हते.

तिने वर माझ्याकडे पाहिले. मी कोक-जल दाखवले. तिने समाधानाने मान हलवली. मग मी खडखडलो आणि शुमकार झालो. तिने झटकन नजर खाली घेतली.

मित्रांनो, तुमच्याकडेही जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत म्हणे. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाचेच नाव घेत नाही. सासऱ्याचे तर नाहीच, ते मेल्यावरही नाही. सासऱ्याचे नाव चुलीसारखे असेल तर ती चुलीलाही दुसरा शब्द शोधते. आणि उरकुयाच्या सासऱ्यांचे नाव होते शुमकार.

ती पूर्वी दोनदा विमानाने गेली होती, दोन्ही वेळा लांडग्याच्या. तिला रीत पाठ होती, तिकिटावरची वेळ बघायचे तिला सुचलेही नाही. ती सरळ जाऊन कोक-जलच्या बंद खिडकीसमोर बसली, पडदा सरकण्याची वाट बघत. पलीकडच्या खिडकीत माणसे सामान तोलत होती, त्यांच्याकडे तिने पाहिलेही नाही. ते तर सासऱ्यांच्या नावाचे विमान.

थोड्या वेळाने राहवेना, म्हणून ती उठून झांयलकडे गेली.

"पोरी, ते... ते उंच उडणारं आहे ना, ते आधी जाणार ना?"

"सगळीच उंच उडतात, आपा," झांयल हसून म्हणाली. तिच्या एका कानाला फोन होता.

"तसं नव्हे गं. ते पहिलं गेलं की मग दुसरं लागतं, असंच ना?"

झांयलला वाटले, आपा दुपारच्या मॉस्कोच्या विमानाबद्दल विचारते आहे. कोणाला तरी पोचवायला आली असेल.

"हो, हो. पहिलं जाऊ दे, मग दुसरं. बसा निवांत."

उरकुया निवांत बसली. निवांत हा शब्द मी जपून वापरतो. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. आई गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते, हे तिने नंतर सांगितले. रडणे तिने तंबूसाठी राखून ठेवले होते.

विमानात चढायची वेळ झाली की ज्याचे विमान त्याचेच नाव दाखवायचे, असा नियम होता. माझ्यावर शुमकार स्थिर झाले. झांयलने पुकारले, "शुमकारने बिश्केकला जाणाऱ्या प्रवाशांनी दारापाशी यावे." रांग लागली. एका बाईने जाता जाता विचारलेदेखील, "आपा, तुम्ही नाही चढत?"

"माझं हे नव्हे, बाई. माझं मागचं आहे."

विमान उडाले. माझ्या ओळीच्या टोकाला 'गेले' असे उमटले. सभागृह रिकामे झाले, झाडूवाली येऊन गेली. उरकुया पांढऱ्या पडद्याकडे बघत बसून होती. बऱ्याच वेळाने झांयल चहाचा पेला घेऊन बाहेर आली आणि तिला पाहून थबकली.

"आपा, तुम्ही कुणाची वाट बघताय?"

"खिडकी उघडायची."

"ही? ही कशी उघडेल? ही बंद होऊन किती काळ झाला! तिकीट बघू तुमचं." तिने तिकीट पाहिले आणि चहाचा पेला बाकावर ठेवला. "अहो आपा, तुमचं विमान गेलं की!"

"नाही गं. माझं लांडग्याचं. गेलं ते दुसऱ्यांचं होतं."

"कुणाचं?"

उरकुयाने इकडेतिकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचं."

झांयलला आधी काही कळेना. विमान आणि सासऱ्यांचे? मग तिने वर माझ्याकडे पाहिले, माझ्यावरचे नाव वाचले, आणि ती तिथेच बाकावर बसली. तीही कुणाची तरी सून होती.

"आपा," ती म्हणाली, "विमान एकच असतं हो आता. नावं दोन."

उरकुयाने गाठोडे मांडीवर घेतले. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जन्मभर त्यांना मी दुसऱ्याच नावाने बोलावलं. माणूस एकच होता. मला कळायला पाहिजे होतं."

झांयलने एसेनला हाक मारली. तो हाताचे पीठ न धुताच धावत आला. गाडी काढतो म्हणाला, खिंडीच्या रस्त्याने सुसाट नेतो म्हणाला. मग त्याने घड्याळ पाहिले आणि त्याचा आवाज खाली आला. "संध्याकाळ होईल, आपा. उडत नेलं तरी संध्याकाळ होईल." बिश्केकचे पुढचे विमान उद्या नऊला होते, कोक-जलचेही आणि शुमकारचेही.

"अकराचं असतं तर पोचल्या असत्या," एसेन म्हणाला आणि स्वतःच्याच जुन्या खिडकीकडे बघत उभा राहिला.

भावाला फोन लावला. केरिमबेक त्याचे नाव. तो रागावला नाही. इतकेच म्हणाला, "ताई, दोन दिवस झाले. मुल्ला थांबायला तयार नाहीत. मी काय करू?"

उरकुयाने विचार केला. मग ती उठली आणि माझ्याकडे आली. मी ज्या भिंतीवर होतो, त्या भिंतीच्या पायथ्याशी, उघड्या फरशीवर ती भिंतीकडे तोंड करून बसली. दोन्ही हात कमरेवर ठेवले. एसेनला म्हणाली, "बाबा, तो फोन माझ्या तोंडाशी धर. केरिमबेकला सांग, आत नेऊन आईजवळ ठेव म्हणावं."

तेवढ्यात तिची नजर वर गेली. तिच्या डोक्यावर, बरोबर वर, मी होतो आणि माझ्यावर सासऱ्यांचे नाव होते. सासऱ्यांसमोर सुनेने गळा काढायचा नसतो. तिचा आवाज फुटेना. झांयलला ते कळले. ती आपल्या खोलीत गेली आणि तिने ती ओळ पुसली. माझ्या पट्ट्या एकेक करून कोऱ्या झाल्या.

मग ती गायली. सुरुवातीला तिचा आवाज झांयलच्या सूचनांसारखा सपाट होता.

*तू शिवलास शिर्दाक गं, त्याची ऊब गेली कुठे,*
*थंड फरशीवर बसली, आईमकानची लेक इथे.*
*घोडी गेली पुढे गं, शिंगरू राहिले मागे,*
*खुरांची धूळही दिसेना, नुसती भिंत पुढे लागे.*

'भिंत' म्हणताना तिचा आवाज तुटला, आणि फोनमधून तिकडच्या बायकांचा हंबरडा आला. शिर्दाक म्हणजे लोकरीचे शिवलेले जाजम, आणि आईमकान हे तिच्या आईचे नाव. ते तिने पुन्हा पुन्हा घेतले, कारण ते घ्यायला तिला कुणाची मनाई नव्हती. मॉस्कोला जाणारी पोरे एव्हाना जमली होती. त्यांनी टोप्या काढल्या आणि पिशव्या खाली ठेवल्या. झांयलने त्यांची सूचना पुकारली नाही. एसेनच्या हातावरचे पीठ वाळून गेले होते, तरी तो फोन धरून होता.

मग फोनमध्ये पुरुषांचे आवाज आले, पावलांचे आवाज आले, आणि ते लांब लांब गेले. आईला बाहेर नेले होते. उरकुया भिंतीला कपाळ टेकून बसून राहिली. मला तेव्हा वाईट वाटले. आयुष्यात एवढे एकदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी झांयलने नेहमीची सूचना पुकारली आणि मग थांबून स्वतःची जोडली : "लोकहो, विमान एकच आहे. तिकिटावर लांडगा असो की ससाणा, याच दारातून चढायचं. मागून बिश्केकचं कोणतंही विमान येणार नाही." तिला वरून ताकीद आली. अशाने कंपन्यांची नाचक्की होते, असे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी तेच पुन्हा पुकारले. पुढे ताकीद द्यायचा त्यांनाच कंटाळा आला.

वर्षभराने, आईच्या वर्षश्राद्धाच्या जेवणासाठी उरकुया पुन्हा आली. एक मेंढा आणि एक कोकरू विकून काढलेले तिकीट तिच्या हातात होते. झांयल तिला पाहताच खिडकीतून उठली.

"आपा, इकडे द्या, मी बसवते तुम्हाला. तुम्हाला काही बोलायला नको."

"थांब, पोरी," उरकुया म्हणाली. "आज चूक व्हायला नको. बोलू दे मला."

तिने रुमालाचे टोक ओठांवरून बाजूला केले. चाळीस वर्षे जो शब्द तिने गिळला होता, तो मोठ्याने, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा उच्चारला.

"शुमकार. मला शुमकारच्या विमानात बसायचंय. आणि कोक-जलच्या. जे उभं असेल त्यात."

रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. उरकुया मागे वळली. मी नेमका तेव्हा खडखडत शुमकार झालो होतो. तिने दोन्ही हात उजव्या गुडघ्यावर ठेवले आणि नवी सून वाकते तशी माझ्यासमोर कमरेत वाकली. "माफ करा, बाबा," ती म्हणाली. मग गाठोडे उचलून ती दाराकडे गेली. चहा पोचवायला आलेला एसेन तिथेच उभा होता. एरवी त्याच्या जिभेला हाड नसायचे, पण त्या दिवशी त्याने नुसते दार उघडून धरले.

पुढे माझे फार काही झाले नाही. माझ्या जागी काचेचा पडदा आला. त्यावर नावे आवाज न करता बदलतात. आता त्या एका विमानाला चार नावे आहेत म्हणे, आणखी दोन दूरदेशीच्या कंपन्या आल्या आहेत. मला भंगारात काढले तेव्हा एसेनने मागून नेले. आता मी त्याच्या टपरीच्या भिंतीवर आहे. माझ्या एकाच ओळीची अक्षरे फिरतात. मांसाची बशी एकच असली तरी एसेन तिची दोन नावे आलटून पालटून लावतो आणि गिऱ्हाइकांनी विचारले की म्हणतो, "भागीदारी आहे!" लोक हसतात. तो स्वतः हसत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागायचे नाही. कधीमधी कोणी धूळ पुसली, चकत्यांना थेंबभर तेल घातले तर बरे, नाही घातले तरी चालेल. पण फलकावर कितीही नावे फिरताना दिसली तरी एकदा काचेबाहेर बघा आणि विमाने मोजा. आणि एखादे म्हातारे माणूस बंद खिडकीसमोर बसलेले दिसले, तर कुठे चाललात हे त्याला नुसते एकदा विचारून पुढे जाऊ नका. त्याच्या तोंडून नाव निघत नसेल, तर त्याच्या हातातले तिकीट तुम्ही वाचा.